काट्याच्या डाव्या टोकाला

इस्त्रीवाल्याच्या दुकानात मामाचा आवाज ऐकू आला तेव्हा तिच्या हातात चुरगळलेल्या कपड्यांचं बोचकं होतं आणि डोक्यात भलतंच काही चाललं होतं. "...आणि तो दारातच थांबला. आता मला सांगा, घर स्वतःचं, दार उघडं, आत दिवा लागलेला. मग माणूस दारात का थांबतो?" यापुढे एक विराम आला. आवाजाच्याही आधी तिने तो विराम ओळखला. असा प्रश्न टाकून मामा थांबायचा तेव्हा समोर बसलेल्या सगळ्यांचा श्वास त्याच्या मुठीत असायचा, आणि तो मुद्दाम एक क्षण जास्तच धरून ठेवायचा. लहानपणी तिला दर वेळी वाटायचं, विसरला बहुतेक. आणि तेवढ्यात तो गायला लागायचा. तसाच तो आताही गायला लागला, जरा थकलेल्या पण सुरेल आवाजात, आणि तिने वेड्यासारखं दुकानातल्या पडद्याकडे बघितलं. तिला खरोखरच वाटलं की मामा पडद्यामागे स्टुलावर बसलाय, दुखऱ्या गुडघ्यांवर टॉवेल टाकून.

"आत कुणी बसलंय का?" तिने विचारलं.

"आत माझी सायकल आहे," इस्त्रीवाला म्हणाला. "रेडिओ आहे ताई तो. हा काय, वर."

फळीवर कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये एक जुना रेडिओ होता. त्याचा काटा पार डावीकडे, आकडे संपतात त्याच्याही पलीकडे जाऊन टेकला होता आणि बटण हलू नये म्हणून त्यावर रबर गुंडाळलं होतं. "हे कुठलं स्टेशन?" तिने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. इस्त्रीवाला म्हणाला, "स्टेशनबिशन काही नाही. काटा डावीकडे नेऊन अडकला की अजून जरा रेटायचा, की हे बुवा लागतात. रोज दिवेलागणीला. माझ्या आईला घरी हेच लागतं. ती अंथरुणाला खिळलीय ना. हे लागले की हातवारे करून मला बाहेर घालवते. म्हणून मग मी इथेही लावायला लागलो. काय सांगतात हो. सदऱ्याला चटका बसेपर्यंत भान राहत नाही." त्याने तिचं बोचकं घेतलं, कपडे मोजले, आणि ती पैसे न देताच रस्त्यावर आली. मागून मामा गात होता. दारात थांबलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं ते तिने ऐकलं नाही. काट्याच्या त्या डाव्या टोकाला तिचं सगळं आयुष्य होतं.

हे काही बोलायची रीत म्हणून म्हटलेलं नाही. डोंगरांच्या पलीकडच्या ओसाड माळावर वेधशाळेने हजारो बुटक्या अँटेना मांडून ठेवल्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी जेवणावळीची टेबलं मांडून निघून गेलंय. त्या अँटेना बरोबर त्याच टोकाला कान लावून बसल्या होत्या. माळावर फोन नेता येत नसे, पेट्रोलची गाडी नेता येत नसे, कारण तिच्या ठिणगीचासुद्धा तिथे गलका होई. तिथे जे ऐकलं जाई ते शहरातल्या कार्यालयात तिच्यासमोर एका रेघेच्या रूपाने येई, आणि गेली कित्येक वर्षं ती त्या रेघेत एक खळगा शोधत होती. फार फार पूर्वी, एकही तारा नव्हता तेव्हा, सगळीकडे नुसता थंड वायू भरून राहिला होता. मग कुठेतरी पहिला तारा पेटला. तो पेटल्याबरोबर त्या वायूला काय झालं कोण जाणे, त्याने मागून येणाऱ्या मंद उजेडातला थोडासा गिळला. तो जो घास गेला, तेवढा रेघेत खळगा असायला हवा. पहिल्या ताऱ्याचं थेट दर्शन कुणालाच होणार नव्हतं, तो पेटल्याची ही एवढी खूण राहिली होती. आणि गेल्या हिवाळ्यात तिला खळगा सापडला होता. उथळ होता, पण होता. प्रमुख मॅडमनी तो तीन वेळा पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि म्हणाल्या, "लिहायला घे. पहिलं नाव तुझं." लेख लिहून तयार होता, आणि महिनाअखेरीस तो पाठवायचा होता.

रस्त्यावर माणसं तिला चुकवून पुढे जात होती आणि ती मनात रेघ काढत होती. मामाकडे आवाज सोडायचं एखादं यंत्र असणार, दुबळं, शहरापुरतं. डोंगर मध्ये आहेत. पण दिवेलागणीला एकामागून एक विमानं उतरायला येतात, त्यांच्या पोटाला आवाज लागून पलीकडच्या माळावर सांडत असेल. एका दिवसाचं ते सांडणं कुणाला कळणारही नाही. मोठा गोंगाट गाळणीत अडकतो, ही नुसती कुजबूज. पण महिनोन्महिने जमवून बेरीज केली की कुजबूज साचते, आणि रेघेची एक कड जरा वर उचलली जाते. आणि कड वर उचलली गेली की शेजारची सपाट जमीन आपोआप खळग्यासारखी दिसायला लागते. तिला हसू आलं. गेली दोन वर्षं ती ज्या समितीवर होती, तिचं कामच हे होतं. वरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या मालकांना विनवण्या करायच्या, की बाबांनो, तुमची यंत्रं आमच्या आकाशात गुणगुणतात, जरा आवर घाला. परदेशी सूटवाल्यांसमोर उभं राहून ती तावातावाने बोलली होती की आकाश कुणाच्या बापाचं नाही. आणि इथे घरातलाच माणूस रोज दिवेलागणीला त्या आकाशात गात होता आणि तिला पत्ता नव्हता.

पत्ता नव्हता हेच तिला जास्त लागलं. आई कामावर जायची तेव्हा ती मामाकडेच वाढली होती. मामा गाऊन निरूपण सांगायचा, म्हणजे देवाधर्माची एखादी गोष्ट घ्यायची, तिच्यात प्रश्न टाकायचे, मध्येच चाल लावून म्हणायचं, लोकांना हसवायचं आणि बेसावध असताना डोळ्यांत पाणी आणायचं. ती पुढच्या रांगेत बसायची आणि ऐन रंगात आलेल्या निरूपणात हात वर करायची. देवाने आधी उजेड केला, तर त्याआधी देव अंधारात काय करत होता? लोक चुळबुळत, कुणी दटावत, पण मामा थांबायचा. "आमचा शंकासुर उठला," म्हणायचा, "आता उत्तर दिल्याशिवाय देवालासुद्धा पुढे सरकता यायचं नाही." आणि खरोखर गोष्ट सोडून तिच्या शंकेच्या मागे जायचा. पुष्कळदा उत्तर मिळायचंच नाही, तेव्हा तो प्रामाणिकपणे सांगायचा, की मंडळी, आज आपण इथवरच आलो. तिला त्या वेळी कळलं नव्हतं, पण माळावरच्या अँटेनांपर्यंत ती त्याच रस्त्याने चालत आली होती. आणि चालता चालता मामाला शंका विचारायची तिची सवयच मोडली. आता ती रविवारी सकाळी फळं घेऊन जायची, गुडघे कसे आहेत विचारायची, वीजबिल भरलं का विचारायची. संध्याकाळी काय करतोस, हे तिने कधीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा मामाने काही लपवलं नाही. जुन्या मित्राने, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने, मरण्याआधी ते यंत्र त्याला जोडून दिलं होतं. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, खिडकीबाहेर एक गज, आणि एक माइक. "जिना उतरवत नाही, उभं राहवत नाही," मामा म्हणाला. "आणि माझे ऐकणारे तरी कुठे उतरू शकतात? सगळे माझ्यासारखेच गंजलेले. मग तो म्हणाला, बुवा, तुम्ही बसल्या जागी गा, त्यांना पडल्या पडल्या ऐकू द्या."

"परवाना?"

"आमच्या लाइनीत कुणाचा परवाना लागतो ते तुला ठाऊक आहे." त्याने वर बोट दाखवलं.

"त्याचा नाही लागत मामा. सरकारचा लागतो."

"मग पकडायला आली आहेस का?"

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि कितीतरी वर्षांनी तिने त्याला आपलं काम सगळं सांगितलं. थंड वायू, पहिला तारा, तो गिळलेला उजेड, खळगा. मामा ऐकताना मान हलवत नव्हता. ज्याअर्थी तो मान हलवत नव्हता त्याअर्थी तो खरंच ऐकत होता. "थांब," तो मध्येच म्हणाला, "त्या वायूने याआधी उजेड पाहिलेलाच नव्हता ना? मग त्याला गिळायचं कसं सुचलं?" तिने सांगितलं. त्याने आणखी विचारलं. चहा गार झाला. मग तिने विमानांच्या पोटांचं सांगितलं, वर उचललेल्या कडेचं सांगितलं, आणि मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे," तो डोळे पुसत म्हणाला, "विश्वाच्या सुरुवातीला तुला जे ऐकू आलं, तो मी होतो."

"असशील कदाचित. तेच बघायचंय. आठवडाभर तुझा आवाज तिकडे जायला नको. तेवढ्यात रेघ जरा खडबडीत येईल, पण खळगा आहे की नाही ते कळेल. जमेल?"

"आणि मी गप्प बसलो आणि तुझा तो खळगा गेला तर?"

"तर तो नव्हताच."

"तुझं नाव लागणार होतं ना त्याला?"

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, जरा जड. "ते तारे माझ्याहून म्हातारे," तो म्हणाला. "त्यांना आधी बोलू दे. नाही जाणार माझा आवाज. शब्द दिला."

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. मॅडमना तिने सांगितलं होतं, जवळपास एक घरगुती यंत्र सापडलंय, ते आठवडाभर बंद ठेवून पाहते आहे. कुणाचं यंत्र ते मॅडमनी विचारलं नाही. दिवसा ती उपग्रहांच्या समितीची पत्रं लिहायची, संध्याकाळी खिडकीशी उभी राहून उतरणारी विमानं बघायची, आणि त्यांची पांढरी पोटं बघून तिला चमत्कारिक वाटायचं. आज तुम्ही रिकामी जाताय, ती मनात म्हणायची. रात्री अंथरुणावर तिला आपल्यात दोन माणसं जागी आहेत असं वाटायचं. एकीला खळगा राहायला हवा होता. तिने त्याच्यासाठी लग्नाचा विचार पुढे ढकलला होता, आईच्या आजारपणात अर्ध्या रजेवरून परत आली होती, आणि आता तिला आपलं नाव छापलेलं बघायचं होतं, यात लाजण्यासारखं काही नव्हतं. दुसरी नुसती पुढच्या रांगेत हात वर करून बसली होती. तिला काय हवं ते तिलाही माहीत नव्हतं, तिला फक्त कळून घ्यायचं होतं. या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आठवडा संपत आला, शेवटच्या दिवशी रेघ आली, आणि खळगा जागच्या जागी होता. तेवढाच उथळ, तसाच रुंद. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली, जे त्यांनी आजवर कुणाच्या बाबतीत केलं नव्हतं. कुणीतरी खाली जाऊन केक आणला. "उद्या पाठवून देऊ," मॅडम म्हणाल्या. ती हसली, केक खाल्ला, हात धुतले, आणि घरी जाताना तिला आठवलं की कपडे आठवडाभर इस्त्रीवाल्याकडेच पडलेत.

दिवेलागणीची वेळ होती. इस्त्रीवाला काम सोडून स्टुलावर बसला होता आणि तिला बघून त्याने हाताने खूण केली, जरा थांबा. दुकानात कसलाही आवाज नव्हता. ती थांबली. इस्त्री तिच्या कठड्यावर उभी होती, वाफेचा आणि सुती कापडाचा वास होता, बाहेरून रस्त्याचा गोंगाट येत होता, पण उंबऱ्याच्या आत तो जणू चपला काढून येत होता. काय चाललंय, हे तिने डोळ्यांनीच विचारलं. इस्त्रीवाल्याने हळूच रेडिओकडे बोट केलं. "बुवा गप्प बसलेत," तो कुजबुजला. "आठवडाभर सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं असं सांगितलंय. आज शेवटचा दिवस. आई म्हणते, गाण्यापेक्षा हेच बरं."

तिने रेडिओकडे बघितलं. काटा डाव्या टोकाला होता. आतला छोटा दिवा लागलेला होता. आणि रेडिओ खरखरत नव्हता. आधी ती नुसती बघत राहिली, कारण शांतता ऐकू येत असताना तिच्यात काय खटकतंय हे कळायला वेळ लागतो. पलीकडे कुणीच नसेल तर रेडिओ खरखरतो. हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. इतका स्वच्छ गप्प तो तेव्हाच बसतो, जेव्हा पलीकडे यंत्र चालू असतं आणि त्यात कुणी बोलत नसतं. त्या शांततेत अगदी बारीक, एक खुर्ची कुरकुरली. कुणीतरी दुखरा गुडघा जरा सरळ केला. मामाचा आवाज तिकडे जात नव्हता. मामाने शब्द पाळला होता. तो फक्त रोजच्या वेळी पेटी चालू करून, माइकसमोर बसून, अंथरुणाला खिळलेल्या सगळ्यांना सोबत घेऊन मौन पाळत होता, कारण ज्या बैठकीला माणसं जमली ती बैठक मोडायची नसते, गाणं असो की नसो, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं होतं. आणि असं मौन कुणी यंत्रातून पाठवील हे तिच्या हाडीमासी कुठेच नव्हतं. तिच्या अँटेनांना शब्दांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना पेटीचं ते नुसतं चालू असणंच पुरे होतं. आठवडाभर विमानांच्या पोटांवरून मामाची शांतता माळावर सांडत होती, आणि तिने त्यावर केक खाल्ला होता.

हे जगात फक्त तिला कळलं होतं. या गोष्टीचा आकार तिने उभ्या उभ्या नीट पाहून घेतला. मामाला कळलेलं नव्हतं, मॅडमना कळणं शक्य नव्हतं, आणि इस्त्रीवाल्याला रेडिओ न खरखरण्यात देव भेटत होता. उद्या लेख जाणार होता. पुढे कधीतरी, दुसऱ्या कुठल्या माळावर, दुसऱ्या कुणाला खळगा सापडेल किंवा सापडणार नाही. तोवर वर्षं जातील. गप्प बसणं किती सोपं होतं, सगळं शहर तर बसलंच होतं. मग तिला जाणवलं की आपल्या आतल्या त्या दोघींपैकी एक कधीची हात वर करून बसलीय आणि तिच्या दंडाला रग लागलीय.

तिने बाहेर येऊन फोन लावला. "मॅडम, यंत्र चालूच होतं."

"कुठलं यंत्र?"

"माझ्या मामाचं. मामा गप्प होता, यंत्र चालू होतं. हा आठवडा मोजता येणार नाही."

"म्हणजे खळगा गेला?"

"माहीत नाही. असेलही. पण आपल्याला माहीत नाही."

"तुला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही. रेडिओ खरखरत नव्हता."

मॅडमनी सुस्कारा सोडला. त्यात राग होता, दमणूक होती, आणखीही काही होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्याचं थांबवते. पुन्हा ऐकू. नीट, महिनाभर. आणि मामांना म्हणावं, पेटीच बंद करा." मग जरा थांबून, "जेवून घे काहीतरी. नुसत्या केकवर राहू नको."

मामाच्या दाराशी ती पोचली तेव्हा बैठक संपायची होती. दार उघडंच होतं. आत दिवा लागला होता. मामा पेटीसमोर डोळे मिटून बसला होता, ओठ घट्ट मिटलेले, अगदी शहाण्या मुलासारखा. बैठक मोडू नये म्हणून ती दारातच थांबली. त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि माइकवर हात ठेवून पुटपुटला, "शंकासुर, अवेळी? खळगा गेला की काय?"

तिने त्याच्या कानाशी लागून सांगितलं. मामाचा चेहरा आधी कोरा झाला, मग तो पेटीकडे अशा नजरेने बघायला लागला जसं एखाद्याला आपल्या पाळलेल्या मांजराने शेजारच्यांचं दूध प्यायलेलं कळावं. "मी गप्प असतानासुद्धा?" तो म्हणाला. "माझं गप्प बसणंसुद्धा इतका गोंगाट करतं?" आणि त्याला हसू येईल असं तिला वाटलं, पण त्याला हसू आलं नाही. तो विचारात पडला. "केवढं नाजूक ऐकता तुम्ही लोक," तो हळूच म्हणाला, आणि त्या आवाजात असं काही होतं की इतकी वर्षं ती जे कुणाकडून ऐकायला आसुसली होती ते हेच, हे तिला आत्ता कळलं. "मग माझ्या माणसांचं काय? महिनाभर?"

"इस्त्रीवाला म्हणतो रोज एकाच्या घरी तो तुला खुर्चीसकट नेईल. मी विचारून आले."

"खुर्चीसकट," मामा म्हणाला. "देवासारखा." मग त्याने माइकवरचा हात काढला, घसा खाकरला, आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा माइकवर बोलला. "मंडळी, मौन सुटलं. पण एक अडचण आलीय. आपल्याहून फार जुनं कुणीतरी केव्हाचं बोलतंय आणि आपण इथे बसून त्याच्या बोलण्यात पाय आडवा घालतोय, हे मला आज कळलं. तेव्हा मी ही पेटी बंद करतो. तुम्ही काटा हलवू नका. आता जे ऐकू येईल ते माझं नाही, एवढं लक्षात ठेवा." त्याने बटण दाबलं.

कोपऱ्यातल्या त्याच्या छोट्या रेडिओतून खरखर भरून आली, तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडत राहावं तशी. मामाने मान जरा कलती केली. शहरात कुठे कुठे, फळ्यांवर, उशांशेजारी, रबर गुंडाळलेली बटणं याच खरखरीवर थांबलेली असतील. "हे सगळं तुझं?" त्याने विचारलं.

"बरंचसं आकाशाचं."

"आणि यात तो पहिला दिवा?"

"अगदी थोडा. असला तर."

"असला तर," मामा म्हणाला, एखादी नवी चाल जिभेवर घोळवून बघावी तसा. ती त्याच्या खुर्चीशी खाली बसली. खळग्याचं काय होईल याचा विचार येऊन गेला आणि पुन्हा आला, पण आता तो दुखत नव्हता, नुसता खाजत होता, जसा पुढच्या रांगेत बसल्यावर एखादा प्रश्न खाजतो. आणि त्यावरून तिला इस्त्रीवाल्याच्या दुकानात अर्धवट टाकून आलेली गोष्ट आठवली.

"मामा," ती म्हणाली, "घर स्वतःचं, दार उघडं, आत दिवा. मग तो माणूस दारात का थांबला होता?"

मामाने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने रेडिओचा आवाज जरा वाढवला.